पेशींची कोपरा-ओढ

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, बारकीचे बाबा लेव्हल ठेवायचे. वीतभर लांबीची, पिवळी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बाबा फरशी बसवायचे, त्यामुळे कामावर ती लागणारच. पण दाताच्या डॉक्टरकडे तिचं काय काम? तिथेही, तोंडात कापूस कोंबलेला असताना बाबांनी हात लांबवून ती औषधांच्या टेबलावर ठेवली होती आणि टेबल दाराकडे उतरलंय हे डॉक्टरांना खुणेने समजावलं होतं. थोरल्या मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर ठेवली. सोयरिक मोडता मोडता राहिली, ती एवढ्याचसाठी की टेबल खरोखरच उतरलेलं निघालं. आपल्या ताटातलं पातळ पंधरा वर्षं एकाच बाजूला का पळतं, याचा व्याह्यांना त्या दिवशी उलगडा झाला.

बारकी म्हणजे धाकटी. वयाच्या सातव्या वर्षापासून तिला या लेव्हलची लाज वाटत आलेली.

"बाबा, लोकांच्या घरी असं नका ना करू."

"मी काय केलं? बुडबुड्याने केलं."

"पण ती बरोबरच सांगते कशावरून?" तिने एकदा चिडून विचारलं होतं. बाबांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी लेव्हल उचलली, डावं टोक उजवीकडे गेलं अशी फिरवली आणि परत त्याच जागी ठेवली.

"फिरवल्यावरही तेच सांगितलं तर खरी. तिला फिरवलं आणि तिने शब्द फिरवला, तर खोटी. टाकून द्यायची. माणसांचंही तसंच असतं, पण माणसं टाकून देता येत नाहीत."

हे सगळं बारकी विसरून गेली. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला पोचल्यावर बापाचं ज्ञान कोण लक्षात ठेवतं?

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक संशोधनाचा प्रोजेक्ट करावा लागायचा. कुणी माश्या मोजायचं, कुणी बुरशी वाढवायचं. बारकीने कॉम्प्युटरवरच्या पेशी निवडल्या, कारण त्यांना वास येत नाही. काम असं: जखम भरताना शरीरातल्या पेशी सरकतात कशा, याचा एक खेळ कॉम्प्युटरवर मांडायचा. बुद्धिबळाच्या पटासारखा पट, शंभर घरं आडवी, शंभर उभी. त्यात चारशे ठिपके, म्हणजे पेशी. प्रत्येक पेशीने दर फेरीला शेजारच्या चार घरांत डोकवायचं, रिकामं घर सापडलं की तिथे सरकायचं. पुढे यात जखम आणायची, औषध आणायचं, असा बेत होता. पण तिथवर जायची वेळच आली नाही. पहिल्याच खेळात चारशेच्या चारशे पेशी उठल्या, शाळा सुटल्यासारख्या उजवीकडे निघाल्या, भिंतीला थडकल्या, भिंतीच्या कडेने खाली उतरल्या आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात गर्दी करून चुळबुळत राहिल्या.

बारकीच्या मनात आलेला पहिला विचार अगदी बरोबर होता. काहीतरी चुकलंय. ती तसं सांगायलाच मॅडमकडे गेली.

मॅडम म्हणजे तिच्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक. भली बाई, कष्टाळू बाई. पण अकरा वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेतून थक्क करणारी एकच गोष्ट बाहेर आली होती, ती म्हणजे नळ फुटला तेव्हाचं पाणी. मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला, पेशींचा तो मोर्चा तीनदा पाहिला.

"तू त्यांना कोपऱ्यात जायला सांगितलंस?"

"नाही मॅडम."

"कोपऱ्यात काही ठेवलंयस? खाणं, रसायन, काही?"

"काहीच नाही."

"म्हणजे त्या आपणहून गेल्या."

या एका 'आपणहून'ने घात केला. बारकी तोंड उघडून "मला वाटतं माझंच काहीतरी" एवढं म्हणाली, पण मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या होत्या. उजेडाकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "कुणी न सांगता, कुणी न बोलावता एक दिशा धरणं. याला नाव द्यायला हवं." दुपारपर्यंत नाव ठरलं: कोपरा-ओढ.

आठवड्याभरात सगळा विभाग बारकीला 'कोपरा' म्हणायला लागला. "काय कोपरा, जेवलीस का?" घरी आईने शेजारणीला सांगितलं की आमच्या बारकीने पेशींना वळण लावलं. शेजारणीला पेशी कळल्या नाहीत, पण वळण कळलं. आपल्या मुलालाही तिच्याकडे पाठवू का, असं तिने विचारलं. बारकीला मजा वाटत होती. खोटं कशाला बोला, फार मजा वाटत होती. पुढच्या शिक्षणासाठी मॅडमचं शिफारसपत्र लागणार होतं आणि मॅडम आत्ताच म्हणत होत्या, "तुझं पत्र मी एका पानात बसवणार नाही."

आता बशीदादा. हा मॅडमकडे पीएचडी करणारा मुलगा, पाचव्या वर्षात अडकलेला. हा खऱ्या पेशी वाढवायचा, झाकण असलेल्या बशांमध्ये, म्हणून बशीदादा. माणूस इतका टापटीप की प्रत्येक बशीच्या झाकणावर पेनाने एक बाण काढायचा आणि इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशींना उबेत ठेवायच्या कपाटात, सगळ्या बशा बाण आतल्या भिंतीकडे करून ओळीत लावायचा. एखादी बशी जरा तिरकी दिसली की त्याला घास गिळवत नसे. रोज सकाळी सातला हजर. बारकी आली की तो तिला चहा द्यायचा, काचेच्या मोजपात्रात, बरोब्बर शंभर मापाच्या रेघेपर्यंत.

"कोपरा, तुझ्या पेशी खऱ्या निघाल्या तर माझा प्रबंध सुटेल गं," तो म्हणायचा. "पाच वर्षं माझ्या पेशी नुसत्या बसून आहेत. माझ्यासारख्याच."

मॅडमनी त्याला कोपरा-ओढ खऱ्या पेशींत शोधायला लावलं.

इकडे पोस्टरचा दिवस ठरला. सगळ्या प्रोजेक्टची पोस्टरं मोठ्या दालनात लागणार, बाहेरचे परीक्षक येणार, आईबाप येणार. पोस्टरचा कागद संस्थेकडून छापील यायचा आणि त्यावर उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात, ताटाएवढं, संस्थेचं बोधचिन्ह असायचं. बारकीने चित्र बसवून पाहिलं तर झाली पंचाईत. चारशेच्या चारशे पेशी बोधचिन्हाखाली गेल्या. वर नुसता रिकामा पट.

मॅडम म्हणाल्या, "बोधचिन्ह हलवायची परवानगी नाही. पेशी हलव."

"पण मॅडम, पेशी तर तिथेच..."

"चित्र फिरव गं. आणि पोस्टरवरच्या नियमांच्या यादीत दिशा 'उजवी, खाली, डावी, वर' अशा का लिहिल्यायत? माणूस डावीकडून वाचतो. 'डावी, वर, उजवी, खाली' कर."

बारकीने आधी चित्र फिरवून पाहिलं. पटाच्या कडेचे आकडे डोक्यावर उभे राहिले. ते नंतर बघू म्हणून तिने यादीचं काम घेतलं. पोस्टरवर यादी बदलली, आणि उद्या कुणी म्हणायला नको की पोस्टरवर एक नि प्रोग्राममध्ये एक, म्हणून प्रामाणिकपणे प्रोग्राममधली यादीही तशीच केली. यादीच ती. आधी डावी लिहिली काय नि आधी उजवी लिहिली काय. मग एक स्वच्छ चित्र हवं म्हणून खेळ पुन्हा चालू केला आणि पाणी प्यायला गेली.

परत येऊन बघते तर चारशे पेशी वरच्या डाव्या कोपऱ्यात चुळबुळत बसलेल्या.

बारकी उभीच राहिली. तिला सगळं एका झटक्यात कळलं, आणि असं कळणं फार वाईट. पेशीच्या चारही बाजूंची घरं रिकामी असतील तर तिने कुठे जायचं, हे बारकीने कॉम्प्युटरला सांगितलंच नव्हतं. चिठ्ठी टाक, असं दोन शब्दांत सांगायचं होतं. नाही सांगितलं. मग त्या गरीब यंत्राने आपलं यादीतलं पहिलं नाव उचललं, तिथे वाट नसेल तर दुसरं. पहिलं 'उजवी' होतं तेव्हा पेशी उजवीकडे गेल्या, 'डावी' झालं तेव्हा डावीकडे. ओढ नाही, इच्छा नाही, काही नाही. पानाच्या समासात तिने आळसाने जे चार शब्द ज्या क्रमाने लिहिले, त्यांचा सगळा हा पराक्रम. तिने यादी फिरवली आणि पेशींनी शब्द फिरवला.

तिचे कान तापले. ती वळली तर मागे मॅडम.

"अगं वा. बोधचिन्ह मोकळं झालं. आकडेही सुलटे. कसं केलंस?"

आता बघा, खरं बोलायला याच्याहून सोयीची वेळ माणसाला मिळत नाही. प्रश्न समोरून आलेला. उत्तर पडद्यावर चुळबुळतंय. बारकी म्हणाली, "चित्र फिरवलं, मॅडम."

"हुशार आहेस," मॅडम म्हणाल्या.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस तिने वाईट काढले. तिसऱ्या दिवशी मन घट्ट केलं, सकाळी मॅडमच्या खोलीशी गेली. दार उघडंच होतं. आत बशीदादा उभा होता आणि त्याचा चेहरा असा की पाच वर्षांत कुणी पाहिला नसेल.

"कोपरा, ये ये ये," मॅडम म्हणाल्या. "हे बघ."

पडद्यावर बशीचा फोटो होता. खऱ्या पेशी. वर बाण, आणि खाली उजव्या बाजूला पेशींची दाट गर्दी. दुसरा फोटो, तेच. तिसरा, तेच. अठरा बशा, अठराही तशाच.

"खाली, उजवीकडे," बशीदादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "जशी तू म्हणालीस तशी."

बारकीने घट्ट केलेलं मन तिथल्या तिथे सैल झालं. माणसाला बुडताना काडी लागते, हिला तर अख्खी होडी मिळाली. म्हणजे कोपरा-ओढ आहेच, तिने स्वतःला सांगितलं. माझा प्रोग्राम चुकला असेल, पण चुकून बरोबर चुकला. चुकीच्या गल्लीतून का होईना, आपण खऱ्या घरी पोचलो. मग गल्लीचं नाव सांगायची गरज काय? हे सगळं तिला पटलं. फक्त रोज सकाळी बशीदादा शंभरच्या रेघेपर्यंत चहा भरून द्यायचा, तो तिच्या घशाखाली उतरायचा नाही. ती खिडकीतल्या कुंडीत ओतायची. दीड महिना. कुंडीतलं झाड मेलं, आणि पाणी कमी पडतंय असं समजून मॅडमनी त्याला आणखी पाणी घातलं.

पोस्टरच्या दिवशी आईबाबा सकाळी दहालाच आले. बाबांनी थोरलीच्या लग्नातला कोट घातला होता. बारकीने दारातच विचारलं, "बाबा, लेव्हल?"

"घरी ठेवली की. तू म्हणालीस ना."

आईने नुसतं वर बघितलं. आईने वर बघितलं म्हणजे बाबा खोटं बोलतायत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोटाच्या आतल्या खिशातून पिवळं टोक दिसत होतं.

"बाबा."

"अगं, छातीला काहीतरी टेकल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. बाहेर नाही काढणार, शपथ."

दालन उघडायला तासभर होता. मॅडम खुशीत होत्या, म्हणाल्या, "चला, तुमच्या मुलीने जिथे नाव काढलं ती जागा तर बघा." सगळे प्रयोगशाळेत गेले. आईने बूट दारात काढायचे का, असं दोनदा विचारलं. बशीदादाने धुतलेला पांढरा कोट घातला होता. त्याने इन्क्युबेटरचं दार उघडून दाखवलं. आत तीन कप्पे, मधल्या कप्प्यावर अठरा बशा, सगळे बाण आत.

"ओळ छान लावलीय," बाबा म्हणाले. हा त्यांच्याकडून फार मोठा शेरा होता. मग त्यांनी डोळे बारीक केले, मान एका बाजूला कलती केली. बारकीला ती मान ओळखीची होती. 

"बाबा, चला, पोस्टर बघू."

"हा मधला कप्पा उतरलाय," बाबा म्हणाले.

बशीदादा हसला. त्याला राग नाही आला. आपल्या टापटिपीवर त्याचा एवढा विश्वास होता. "शक्यच नाही, काका. रोज पुसतो मी तो."

"पुसून उतार जात नाही हो. मी आपलं डोळ्याने सांगतो. डोळा चुकतोही."

"मोजायला काही असतं ना, तर दाखवलंच असतं तुम्हाला."

झालं. बाबांनी बारकीकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि शपथ मोडावी लागल्याच्या दुःखी चेहऱ्याने कोटात हात घातला. बशीदादाने लेव्हल घेतली, तिच्यावर स्पिरिट फवारलं, कापसाने पुसली, पुन्हा फवारलं. वीस वर्षांत लेव्हलला पहिली आंघोळ त्या दिवशी झाली. मग दोन बशा बाजूला करून त्याने ती कप्प्यावर आडवी ठेवली.

बुडबुडा डावीकडे पळाला. मग एक टोक आतल्या भिंतीकडे करून ठेवली, बुडबुडा आत पळाला.

"बुडबुडा चढाकडे जातो," बाबा समजावून सांगायला लागले. "म्हणजे उतार बाहेरच्या बाजूला आणि उजवीकडे. या इथल्या कोपऱ्यात. बघा, खाली कप्पा अडकवायचा खिळाच नाहीये, कुणीतरी बाटलीचं बूच लावलंय."

आधी मॅडमना कळलं. मग बशीदादाला. आईला नाही कळलं, ती बशा मोजत होती. पेशी बशीत सोडतात त्या पाण्यात तरंगत असतात, तळाला बसायला त्यांना वेळ लागतो. बशी उताराला ठेवली तर उताराच्या बाजूला जास्त बसणार. हे पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात. एखादी बशी जरी बशीदादाने वाकडी ठेवली असती, तरी त्या बशीच्या फोटोत गर्दी बाणाच्या दुसऱ्याच बाजूला दिसली असती आणि तेव्हाच कळलं असतं. त्याने एकही वाकडी ठेवली नव्हती.

बशीदादाने लेव्हल उचलून घेतली आणि इन्क्युबेटरचं दार हळूच लावलं.  मग तो पांढऱ्या कोटाच्या बाह्या खाली ओढत राहिला.

"असू दे," मॅडम म्हणाल्या. आवाज जरा उंच लागला होता. "बशा परत करू. कॉम्प्युटरचं मॉडेल तर आहे ना? कॉम्प्युटरला कुठे कप्पा असतो. तिथे तर पेशी आपणहूनच गेल्यायत." आणि त्या बारकीकडे वळल्या. "हो ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. बशीदादाही. बुडणाऱ्याची होडी आता त्याला हवी होती.

"हो, मॅडम," बारकी म्हणाली.

बोलल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. मान आपोआप खाली गेली. कान, गाल, गळा, सगळं पेटलं. बाबांनी ते बघितलं. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार? त्यांना एवढंच दिसलं की पोरगी शरमेने लाल झालीय, आणि आयुष्यभर ती ज्याच्यामुळे लाल होत आली ती वस्तू त्यांच्याच खिशातून निघालीय. ते घाईघाईने पुढे झाले, बशीदादाच्या हातातून लेव्हल घेतली.

"मॅडम, तुम्ही हे मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "माझी लेव्हल जुनी झालीय. परवाच पडली हातातून, फरशीवर. तेव्हापासून काहीही सांगते ती. तिचं काही खरं नाही. कप्पा सरळच असेल तुमचा."

लेव्हल पडलेली नव्हती. ती कधीच पडली नव्हती. व्याह्यांसमोर, डॉक्टरांसमोर, एकदा तर घर बांधून देणाऱ्या मोठ्या साहेबांसमोर ज्या माणसाने बुडबुड्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता, तो माणूस आज परक्या खोलीत, लग्नातल्या कोटात, लेव्हललाच खोटी म्हणत होता. आणि म्हणताना तिला अंगठ्याने कुरवाळत होता. आईने वर बघितलं नाही. आईने जमिनीकडे बघितलं.

बारकीने बाबांच्या हातून लेव्हल घेतली. इन्क्युबेटर उघडलं. स्पिरिट मारायला विसरली, बशीदादानेही आठवण केली नाही. तिने लेव्हल कप्प्यावर आडवी ठेवली. बुडबुडा डावीकडे. मग उचलून, डावं टोक उजवीकडे करून, परत त्याच जागी ठेवली. बुडबुडा डावीकडे.

"लेव्हल खरी आहे," ती म्हणाली. "फिरवली तरी तेच सांगते." मग ती मॅडमकडे वळली. "माझा प्रोग्राम फिरवला की शब्द फिरवतो, मॅडम. मी चित्र फिरवलं नव्हतं. यादी फिरवली होती. पेशी यादीतल्या पहिल्या दिशेला जातात, बस. चिठ्ठी टाकायला सांगायचं मी विसरले होते. कोपरा-ओढ वगैरे काही नाहीये."

इन्क्युबेटर घरघरत होतं. मॅडम स्टुलावर बसल्या.

"हे तुला कधी कळलं?"

बारकीला वाटत होतं, सगळ्यात अवघड भाग होऊन गेला. तो आत्ता आला होता.

"दीड महिना झाला."

"म्हणजे माझ्या बशांच्या आधी," बशीदादा म्हणाला. तो बोटांवर काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, "मी तुला रोज चहा करून देत होतो गं."

याच्यापुढे त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बारकीच्या तोंडून भलतंच निघालं. "ते झाडही त्यानेच मेलं," ती म्हणाली. कुणालाच काही कळलं नाही, आणि समजावून सांगायची ही वेळ नव्हती.

 आई मॅडमना म्हणाली, "मी तर सगळ्या इमारतीला सांगून बसलेय हो." तक्रार म्हणून नाही, नुसती माहिती म्हणून.

"मीही सांगून बसलेय," मॅडम म्हणाल्या. "माझी इमारत मोठी आहे." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "चित्र फिरवलं म्हणालीस तेव्हा मी 'दाखव' म्हणायला हवं होतं. एरवी मी मुलांना स्वल्पविरामसुद्धा विचारते. नाही विचारलं. मला ते खरंच असायला हवं होतं."

अकराला दालन उघडणार होतं. पोस्टर लागलेलं होतं, तीन फूट बाय चार फूट, चकचकीत. बारकीने विचारलं, "काढून टाकू?"

"नाही. शेजारी उभी राहा. येईल त्याला काय चुकलं ते सांग. मी बाजूला उभी राहते. पत्र मी लिहीन तुझं, त्यात हेही लिहीन. एका पानात बसेल."

तीन तास बारकी पोस्टरपाशी उभी होती. कुणी यायचं, मोठ्या अक्षरातलं 'पेशींची कोपरा-ओढ' वाचून भुवया उंचवायचं, आणि बारकी म्हणायची, "असं काही नसतं. मी सांगते का ते." बोधचिन्ह तेवढं स्वच्छ दिसत होतं. एका म्हाताऱ्या परीक्षकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे पुन्हा, मोठ्याने सांगायला लावलं. आजूबाजूचे बुरशीवाले नि माशीवाले तोंडं फिरवून ऐकत होते. "म्हणजे पेशींना ओढ नव्हती," परीक्षक शेवटी खणखणीत आवाजात म्हणाले, "तुम्हाला होती." मॅडम म्हणाल्या, "मलाही." परीक्षकांना तेही ऐकू गेलं नाही, मॅडमना ते पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

दोन वाजता बारकी प्रयोगशाळेत परतली. बाबांचा कोट खुर्चीला टांगलेला. बाबा गुडघ्यांवर, डोकं इन्क्युबेटरजवळ, बाह्या वर. बशीदादा शेजारी टॉर्च धरून. अठरा बशा टेबलावर, कशाही पडलेल्या, बाण चारी दिशांना.

"कागदाची घडी नको साहेब, कागद दबतो," बाबा सांगत होते. "तुमचा खिळा येईपर्यंत काहीतरी टणक द्या. पातळ, पण टणक."

बशीदादाने इकडेतिकडे बघितलं. मॅडमनी पाहुण्यांना वाटायला हाताएवढी कार्डं करून घेतली होती, प्लास्टिक चढवलेली, वर बारकीचा शोध चार ओळींत. शंभर कार्डांचा गठ्ठा तसाच होता. त्याने वरची दोन उचलून दिली. बाबांनी बुचावर एक कार्ड घडी घालून सरकवलं, लेव्हल ठेवली, मान हलवली, दुसरंही सरकवलं.

"बारके, बघ गं."

ती वाकली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये. तिने लेव्हल फिरवून ठेवली. मध्ये.

कार्डाचा एक तुकडा कप्प्याखालून बाहेर आला होता. त्यावर अर्धं नाव दिसत होतं, '...कोपरा-ओढ', आणि खाली बारकीचं नाव अख्खं. बाबांनी खिशातून पाती काढली. "जास्तीचं कापून टाकतो."

"नका कापू, काका," बशीदादा म्हणाला. त्याने टॉर्च बंद केला. "रोज सकाळी दार उघडलं की दिसू दे."

तिला दिसू दे म्हणाला की स्वतःला, ते बारकीने विचारलं नाही. त्याने कोपऱ्यातली चहाची मोजपात्रं काढली. सकाळचा उरलेला चहा आईला दिला, बाबांना दिला. मग थोडा वेळ थांबून तिसरं भरलं, शंभरच्या रेघेपर्यंत नाही, अंदाजाने, आणि तिच्याकडे न बघता टेबलावर ठेवलं. चहा थंड होता आणि त्यात साखर विसरली होती. बारकीने तो उभ्याउभ्या, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.